काचेआडचं ऊन

शनिवार, ७ नोव्हेंबर १९५३ (पाडवा)

आज व्हरांड्याची शेवटची काच बसली. मिस्त्री पुट्टीनं बरबटलेले हात लुंगीला पुसत म्हणाला, "बाबू, साहेबलोकांच्या कोठीतसुद्धा असं काम होत नाही." बक्षिसावर डोळा ठेवून म्हणाला असणार, पण मला पटलं. दक्षिणेकडचा पुरा व्हरांडा कठड्यापासून थेट छतापर्यंत काचेनं बंद झाला आहे. हवेसाठी वर एक झडप ठेवली आहे. सकाळी ऊन आत येतं ते दुपार कलेपर्यंत हलत नाही. काच मी स्वतः निवडली. सरकारी प्रयोगशाळेत काचा तपासणं हेच माझं काम, त्यामुळे बुडबुडे असलेला माल माझ्या गळ्यात मारायची कोणाची टाप नाही.

पाडव्याच्या मुहूर्तावर ही वहीही सुरू करतो. घरात हल्ली फारसं बोलणं होत नाही, आणि ऑफिसात मनातलं बोलावं असं कोणी नाही.

हा सगळा खटाटोप लीनासाठी. ती आता दोन महिन्यांची होईल. कलकत्त्याच्या थंडीची मला धास्ती आहे. संध्याकाळी सगळ्या भवानीपूरच्या कोळशाच्या शेगड्या एकदम पेटतात आणि धूर गल्लीत असा बसतो की समोरचं घर दिसत नाही. आमचा श्रीकांत अशाच थंडीत गेला. येत्या जानेवारीत त्याला जाऊन दोन वर्षं होतील. पाच महिन्यांचा होता. आधी साधी सर्दी, मग छाती भरली, आणि आठवडाही निघाला नाही. खालच्या मजल्यावर घरमालक चक्रवर्ती राहतात. त्यांच्या घरच्या बायकांचं बघून कालिंदी त्याला रोज सकाळी गच्चीवर न्यायची. अंगाला तेल चोळून उघड्यावर चटईवर निजवायची. भर पौषातल्या वाऱ्यात.

तो गेल्यावर मी तिला एकदाच म्हणालो, "तू गच्चीवर नेलंस म्हणून गेला." असं बोलायला नको होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. पण शब्द मागे घ्यावेत तर तेही खोटंच झालं असतं, कारण मला तसं वाटत होतं. आजही वाटतं. त्यानंतर हा विषय निघाला नाही. तिनं गच्चीची पायरी चढायची सोडली, घराबाहेर पडणंही जवळजवळ सोडलं. मी म्हटलं, निदान शहाणपण तरी आलं.

संध्याकाळी ओवाळून झाल्यावर कालिंदी पाटाजवळून उठली ती भिंत धरून. म्हटलं, "इतक्यात म्हातारी झालीस की काय?" हसली. ओवाळणीत काय हवं ते विचारलं, तर व्हरांड्याकडे बघत म्हणाली, "एवढं केलंत, आणखी काय मागू?"

रविवार, २२ नोव्हेंबर

चक्रवर्तींच्या पत्नी प्रेमलता बौदी, म्हणजे वहिनी, व्हरांडा बघायला आल्या. दारातच थांबून म्हणाल्या, "बाः, की शुंदोर! घोर तो आलोय आलो!" खरोखरच सगळं घर उजेडानं भरलं होतं. कालिंदी लीनाला मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. त्या दोघी तिथेच असतात, दिवसभर.

बौदींनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "बेबी को रोद में तेल नहीं लगाती?" रोद म्हणजे ऊन. त्यांचा नातू सध्या रोज गच्चीवर मोहरीच्या तेलात निथळत पडलेला असतो आणि तव्यासारखा काळा झाला आहे. मी म्हटलं, "बौदी, रोद तो हम घर में ले आए." त्या खूप हसल्या. लीनाच्या गालाला बोट लावून म्हणाल्या, कशी मेणासारखी गोरी ठेवली आहे! काचेला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, मालकांना सांगून मीही असंच करून घेणार.

ऊब तर इतकी की लीनाच्या डोक्याला भर नोव्हेंबरात घाम सुटतो. झोपेतसुद्धा उशी ओली होते. मी कालिंदीला म्हटलं, बघ, याला म्हणतात बंदोबस्त.

शुक्रवार, ११ डिसेंबर

आज भांडण झालं. भांडण तरी कसलं, मी बोललो आणि ती ऐकत होती. उद्या मंडळात सगळी मराठी माणसं जमणार आहेत. भजन आहे, मग पिठलंभात. मंडळातला मनोहर आणि त्याची बायको मंदाकिनी आम्हाला त्यांच्या बँकेच्या गाडीतून न्यायला येणार. कालिंदी म्हणते, नको, जिना नको वाटतो.

जिना हा काय प्रकार आहे मला कळत नाही. दोन मजले. पण ती एक पायरी उतरते, दुसरा पाय त्याच पायरीवर आणते, मग पुढची. चालतेही डुलत डुलत. परवा मी गमतीनं म्हटलं, "बदकं पाळायला नकोत, घरात एक आहे." ती हसली नाही. म्हणाली, "पाय दुखतात हो." कुठे दुखतात, विचारलं, तर म्हणाली, सगळेच. कंबरही. आता सगळंच दुखतं म्हणजे काहीच दुखत नाही, असं आमच्या वडिलांचं मत होतं आणि माझंही आहे. हा अबोल्याचाच एक प्रकार आहे. तोंडानं बोलायचं नाही, मग चालण्यातून दाखवायचं. श्रीकांतवरून मी जे बोललो ते तिनं मनात धरून ठेवलं आहे. धरू दे. मी तरी कुठे विसरलो आहे?

एका बाबतीत मात्र तिला पूर्ण गुण. लीना निव्वळ आईच्या दुधावर आहे. डब्याचं दूध आमच्या घरात शिरलेलं नाही. आईच्या दुधात सगळं असतं.

गुरुवार, १४ जानेवारी १९५४ (संक्रांत)

लीनाचं बोरन्हाण झालं, काचेच्या व्हरांड्यातच. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. बोरं न्यू मार्केटातून आणली, ऊस बौदींनी पाठवला. मंडळातली पोरंटोरं बोरं वेचायला तुटून पडली. मनोहरच्या मुलानं चमच्यानं ताट वाजवलं आणि लीना अशी दचकली की तिच्या मुठी कितीतरी वेळ थरथरत राहिल्या. सगळे हसले. मीही हसलो.

मंदाकिनीवहिनी जाताना म्हणाल्या, "पोर फिकी दिसते हो. आणि तुम्हीसुद्धा, कालिंदीबाई. जरा बाहेर पडत जा." मी म्हटलं, फिकी नाही वहिनी, गोरी आहे, आजीवर गेली आहे.

सगळे गेल्यावर कालिंदी बोरं गोळा करत बसली होती. एकदम म्हणाली, "हिला उचललं की रडते. माझ्या हाताचं काही टोचतं का हिला?" मी म्हटलं, लाडावली आहे, खाली ठेव, गप्प होईल. ठेवली तर खरंच गप्प झाली.

बुधवार, २७ जानेवारी

प्रयोगशाळेत आज छान काम झालं. डोंगरातल्या एका सरकारी इस्पितळाला खिडक्यांसाठी खास काच हवी आहे. मुडदूस झालेल्या मुलांचा वॉर्ड आहे, हाडं मऊ पडलेली मुलं. त्यांना थंडी न लागता ऊन द्यायचं आहे. साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातले अतिनील किरण काच गिळून टाकते, आणि हाडांना नेमके तेच लागतात. एका कंपनीचा दावा आहे की त्यांच्या काचेतून ते पार होतात. तो दावा तपासायचा होता.

तुलनेसाठी निर्दोष अशी साधी काच पाहिजे होती. आमच्या व्हरांड्याचा एक तुकडा उरला होता, तोच घरून नेला. पाऱ्याच्या दिव्यापुढे दोन्ही धरल्या. कंपनीची काच खरी निघाली. फोटोच्या पट्टीवर तिच्या बाजूला अतिनीलच्या रेघा स्वच्छ उमटल्या, माझ्या तुकड्याच्या बाजूला कोरं. साहेब म्हणाले, "खांबेटे, तुलनेची काच फारच चांगली मिळाली तुम्हाला." मी म्हटलं, घरची आहे साहेब.

घरी आल्यावर कालिंदीला हे सांगावं असं मनात होतं. ती लीनाला घेऊन व्हरांड्यात बसल्या बसल्या झोपली होती, म्हणून उठवलं नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

सकाळी दाढी करत होतो. कालिंदीनं "भालचंद्र!" अशी हाक मारली. उखाण्याबाहेर तिनं माझं नाव कधी घेतलेलं नाही. धावलो तर लीनाचे डोळे वर गेलेले, हात आत वळलेले, सगळं अंग हिसके देत होतं. ओठ निळे. मी अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून तिला उचललं आणि रस्त्यावर पळालो. टॅक्सीत पुन्हा झटके आले. कालिंदी मागे राहिली. तिला माझ्याबरोबर जिना उतरता आला नाही. मी थांबलो नाही.

इस्पितळात शिरेतून कॅल्शियम दिलं. औषध आत जाता जाता झटके थांबले. पोर जिवंत आहे. आज एवढंच.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

डॉक्टर घोषाल मुलांचे डॉक्टर आहेत. चाळिशीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी लीनाच्या कानापुढे बोटानं हलकेच टिचकी मारली तसा तिच्या ओठाचा कोपरा उडाला. डोक्याची मागची बाजू दाबून दाखवली. तिथलं हाड चेंडू दबावा तसं दबतं. मनगटं जाड झाली आहेत. आम्हाला ती बाळसेदार वाटत होती. म्हणाले, मुडदूस आहे. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं, म्हणून झटके.

मग विचारलं, "हिला ऊन मिळतं?"

मी म्हटलं, "भरपूर मिळतं डॉक्टर. दिवसभर. मी मुद्दाम काचेचा व्हरांडा करून घेतला आहे."

"काचेचा?" ते म्हणाले.

पुढे त्यांनी काही सांगायची गरज नव्हती. पाऱ्याच्या दिव्यासमोर धरलेला तो तुकडा दिसला, आणि त्याच्या बाजूची ती कोरी पट्टी. त्या दिवशी मी शीळ घालत घरी आलो होतो. आलो तेव्हा दोघी त्याच काचेआड झोपल्या होत्या, आणि मी पाय न वाजवता आत गेलो होतो, त्यांची झोप मोडू नये म्हणून.

डॉक्टर मात्र समजावत राहिले. उन्हातले अमुक किरण कातडीवर पडले की ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काचेतून येत नाहीत, वगैरे. मी अडाण्यासारखी मान डोलवत राहिलो. मी कुठे काम करतो हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग म्हणाले, आईच्या दुधात बाकी सगळं असतं, हे एकच जीवनसत्त्व मुळात थोडं असतं. आईच्याच अंगात नसेल तर तेवढंही येत नाही. आई उन्हात जाते का? मी म्हटलं, विचारतो.

रविवार, २१ फेब्रुवारी

लीनाला काल घरी आणलं. कालिंदीनं तिला छातीशी धरलं आणि विचारलं, "कशानं झालं हो?"

मी जे उत्तर दिलं ते इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगायची माझी हिंमत नाही. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, तुझ्या दुधात एक जीवनसत्त्व कमी आहे."

हे खोटं नाही. डॉक्टर तसं म्हणाले. त्याच्या आधी ते काचेबद्दल काय म्हणाले ते मी गाळलं, आणि आईचं दूध असं का झालं तेही गाळलं. सांगणार होतो. वाक्य तोंडात तयार होतं. पण तिनं विचारल्याबरोबर हेच आधी बाहेर पडलं, आणि एकदा पडल्यावर मला हायसं वाटलं. माझी मलाच किळस आली, पण हायसं वाटलं हे खरं आहे.

तिनं लीनाचं डोकं छातीपासून जरा दूर केलं. मग म्हणाली, "श्रीकांतलाही मी हेच पाजलं."

मी म्हटलं, "ते आता कशाला?"

बाजारात जाऊन डब्याचं दूध आणलं. डब्यावर ड जीवनसत्त्व घातल्याचं छापलेलं आहे. तिनं काही न विचारता बाटली उकळून घेतली.

बुधवार, २४ फेब्रुवारी

लीना बाटली तोंडात धरत नाही. धरली तर ओकते. कालपासून जुलाब होत आहेत. डोळे खोल गेले आहेत. कालिंदी तिला माझ्याकडे देते आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसते. तिच्या चोळीवर दुधाचे डाग दिसतात. दूध आहे, पोर भुकेनं रडते आहे, आणि आई पाजत नाही. हे कोणी केलं ते मला माहीत आहे.

सकाळी मी म्हटलं, "पाज थोडं. रडते आहे."

"नको," ती म्हणाली. "एक गेलं."

मग मात्र मी डॉक्टर घोषालांकडे धावलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "दूध तोडायला तुम्हाला कोणी सांगितलं? मी? मी असं म्हणालो?" मी म्हटलं, माझ्या समजण्यात चूक झाली. तेही खोटंच. डॉक्टर बॅग उचलून माझ्याबरोबर घरी आले.

आधी त्यांनी लीनाला कालिंदीच्या मांडीवर दिलं आणि पाजायला सांगून आम्ही दोघं व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. त्यांनी काचेवर बोटानं एकदा टकटक केलं. आतून लीनाचे घोट ऐकू यायला लागले.

नंतर ते कालिंदीला म्हणाले, "मा, एकदा उठून उभ्या राहता?" ती जमिनीवर बसली होती. ती पुढे वाकली, दोन्ही हात आपल्याच गुडघ्यांवर रोवले, मग मांड्यांवर, आणि शिडी चढावी तशी स्वतःच्या अंगावरून चढत कशीबशी उभी राहिली. हे मी रोज बघतो. गेलं वर्षभर रोज बघत आलो आहे.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. तिला बंगाली समजतं, उत्तरही तोडकंमोडकं बंगालीतच देते. म्हणाली, पहिला मुलगा गेला त्यानंतर. मग लीना पोटात असताना वाढलं. त्यांनी विचारलं, बाहेर जाता? उन्हात? ती म्हणाली, नाही. "केनो?" का नाही?

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "सवय राहिली नाही."

रविवार, २८ फेब्रुवारी

कालिंदीला परवा खुर्चीतून खाली नेऊन काढलेला कंबरेचा एक्स-रे आला. डॉक्टरांनी तो घरी आणून खिडकीपुढे धरून दाखवला. कंबरेच्या हाडात आणि मांडीच्या वरच्या टोकाशी बारीक चिरा आहेत. मोडलेलं नाही, मोडायच्या बेतात आहे. म्हणाले, एका मुलाला अंगावर पाजलं, मग दुसरं पोटात, आणि मधला सगळा काळ ही बाई सावलीत. मुलांनी आईच्या हाडातून घेतलं, ती देत राहिली, भरून काढायला काही नाही. अशा हाडांवर जिने चढायचे म्हणजे चेष्टा नाही, मिस्टर खांबेटे. मी बदकाचा विनोद केला होता.

बऱ्या होतील, म्हणाले. दोघीही. ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आहे, कॅल्शियम आहे, माशाचं तेल आहे, आणि उघडं ऊन. माशाचं तेल म्हटल्यावर मी जरा घुटमळलो, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. कालिंदी म्हणाली, "आणा. घेईन."

डॉक्टरांना खाली पोचवताना मी त्यांना श्रीकांतबद्दल विचारलं. गच्चीवर नेण्यानं असं होतं का? ते म्हणाले, थंडीत या धुरानं इथली कितीतरी मुलं जातात. धूर संध्याकाळी घरात येतो, गच्चीचा त्यात काय संबंध? सकाळचं ऊन मिळत होतं तेच चांगलं होतं.

वर येऊन आधी पाना-पकड घेतली आणि व्हरांड्याच्या सगळ्या चौकटी उतरवून भिंतीला लावल्या. कालिंदी बघत होती. मग मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. काच. प्रयोगशाळेत नेलेला तुकडा. डॉक्टरांना न सांगितलेलं. दुधाबद्दल अर्धंच सांगितलं ते. लीना पीत होती, कालिंदी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी म्हणालो, "आणि श्रीकांत गच्चीमुळे गेला नाही. तू त्याचं बरोबर करत होतीस."

तिचा हात थांबला. "हे डॉक्टर म्हणाले?"

"हो."

"ते म्हणाले नसते तर?"

मी जमिनीवरची पकड उचलून बाजूला ठेवली. ती वाट बघत राहिली, मग तिनंच सोडून दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटायचं, मी श्रीकांतचं फेडते आहे. म्हणून दुखलं तरी फारसं बोलले नाही. जिना चढताना कळ आली की वाटायचं, होऊ दे, बरं आहे. मग लीनाला झटके आले तेव्हा वाटलं, अजून फिटलं नाही."

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली, वाण्याला सामान सांगावं तशी. मी तिचे पाय धरायला वाकलो तर तिनं ते मागे घेतले. म्हणाली, "नको. हात लावला तरी दुखतात."

रविवार, १४ मार्च

लीना हसते. कानापुढे टिचकी मारली तर ओठ उडत नाही. मी रोज मारून बघत होतो, शेवटी कालिंदी म्हणाली, पुरे आता, तिचा गाल सोडा.

सूर्य वर सरकला, व्हरांड्यात आता उन्हाची एक पट्टी येते. ती कालिंदीला पुरते, तिथे ती पाय उघडे टाकून बसते. लीनाला मात्र गच्चीवर न्यावं लागतं. कालिंदीला अजून जिना चढू द्यायचा नाही, म्हणून मी नेतो. तेल लावायला तिनं मला शिकवलं. आधी हात एकमेकांवर चोळून गरम करायचे, मग पोट, मग पाय, वरून खाली. पहिल्या दिवशी चक्रवर्तींच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आता सवय झाली आहे. बौदी माझ्यासाठी चटईची जागा राखून ठेवतात.

गच्चीवर मी सुखानं बसत नाही. जरा वारा आला की लीनाच्या छातीकडे बघतो, खोकते का, श्वास भरभर चालतो का. मीच हिला इथे आणलं आहे. हिला काही झालं तर दुसऱ्या कोणावर बोट दाखवता येणार नाही. कालिंदी त्या वर्षी अशीच इथे बसत असणार, या भिंतीला टेकून, आणि तिला हे भय ठाऊकही नव्हतं. ते मी नंतर दिलं.

आज लीना गच्चीवर शिंकली. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा. मी तिला पंच्यात गुंडाळून धावत खाली आलो. नाक वाहत होतं. कालिंदी भिंत धरून दारापर्यंत आली होती. तिनं लीनाचं नाक बघितलं, कपाळाला हात लावला, आणि मग माझ्याकडे बघितलं.

मी समोर उभा राहिलो. आता ती बोलेल, असं मला वाटलं. तिला शब्द शोधावे लागणार नव्हते. ते वाक्य मीच तिला दिलेलं होतं, तेवढंच परत करायचं होतं. मी मान खाली घातली.

तिनं पदरानं लीनाचं नाक पुसलं, तिला अंगावर घेतलं आणि म्हणाली, "सर्दी आहे. होते मुलांना. उद्या टोपडं घालून न्या."

मी हो म्हटलं. ती बोलली असती तर मी सोसलं असतं. हे मला सोसत नाही.